गोबी : तळाशी राहणाऱ्या माशांचे कुल

गोबी हे समुद्री माशांतील सर्वांत मोठ्या कुलांपैकी एक. या कुलातील बहुतेक मासे मात्र बोटाएवढेही भरत नाहीत. प्राणिशास्त्रात या कुलाला गोबिइडी म्हणतात. जुन्या, व्यापक वर्गीकरणानुसार त्यात सुमारे दोन हजार जाती येतात. अलीकडच्या वर्गीकरणात चिखलावर उड्या मारणारे मासे आणि त्यांचे काही नातेवाईक ऑक्सुडर्सिडी या वेगळ्या कुलात घातले आहेत. तरीही दोन्ही गटांची ठेवण आणि राहणी इतकी मिळतीजुळती आहे, की सामान्य वाचकाने त्यांचा विचार एकत्र केलेलाच बरा. उष्ण आणि समशीतोष्ण कटिबंधांतील जवळजवळ प्रत्येक किनाऱ्यावर गोबी आढळतात. त्यांतले काही खाड्यांतून नद्यांत शिरले आणि तिथेच राहिले. कोकणात खाडीतल्या गोबींना खरबी किंवा खरबा म्हणतात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या तापी खोऱ्यातही या कुलाचा एक प्रतिनिधी आहे, त्यामुळे जळगाव-धुळ्याच्या वाचकालाही हे कुल अगदी परके नाही.

शरीराची ठेवण

गोबी ओळखायचा तर मासा तळहातावर उताणा करून पाहावा. छातीच्या खाली, कल्ल्यांच्या किंचित मागे, पोटाखालचे दोन पर एकमेकांना जोडून त्यांची एक उथळ वाटी झालेली दिसते. बहुतेक माशांत हे दोन पर सुटे असतात. गोबींच्या बहुसंख्य जातींत ते कडेने जुळलेले असतात आणि पुढच्या बाजूला त्वचेची एक आडवी पट्टी वाटीचे तोंड पुरे करते. ही वाटी खडकावर टेकली की मासा जागच्या जागी घट्ट बसतो. भरतीची लाट असो की नदीची धार, तो वाहून जात नाही. काही जातींत हे पर पुन्हा अंशतः सुटे झाले आहेत. प्रवाळाच्या फटींत तरंगत राहणाऱ्या छोट्या गोबींत हे विशेष दिसते.

बाकीची ठेवणही तळाशी राहण्याला साजेशी आहे. शरीर लांबट आणि पुढच्या भागात गोलसर असते. डोके बोथट किंवा चपटे. डोळे डोक्याच्या वरच्या अंगाला आणि एकमेकांच्या जवळ असल्यामुळे वाळूत अंग पुरूनही वरचे दिसते. पाठीवर सहसा दोन पर असतात. पहिला लहान आणि त्यातले काटे लवचिक, म्हणजे हाताला न टोचणारे. दुसरा लांब आणि मऊ. शेपटीचा पर बांगड्याच्या शेपटीसारखा दुभंगलेला नसतो, गोलसर असतो. लांब पल्ल्याच्या वेगवान पोहण्यासाठी दुभंगलेली शेपटी सोयीची. गोबीला थोड्या अंतरावर झेप घेऊन पुन्हा तळ गाठायचा असतो, त्याला गोल शेपटी पुरते.

बहुतेक माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते. तिला वाताशय म्हणतात. तिच्यामुळे मासा पाण्यात अधांतरी राहू शकतो. पुष्कळ गोबींत ही पिशवी नसते किंवा फार लहान असते, त्यामुळे पोहणे थांबवले की मासा आपोआप खाली बसतो. माशांच्या दोन्ही कुशींवरून जाणारी पार्श्वरेषाही गोबींच्या धडावर नसते. पाण्यातली हालचाल टिपण्याचे तिचे काम डोक्यावरच्या बारीक नलिका आणि त्वचेवरच्या सूक्ष्म फोडांच्या रांगा करतात. या फोडांची मांडणी प्रत्येक जातीत निराळी असते. एकमेकांसारख्या दिसणाऱ्या जाती वेगळ्या करताना तज्ज्ञ भिंगाखाली हीच मांडणी पाहतात.

आकार आणि आयुष्य

गोबींच्या बहुतेक जाती दहा सेंटीमीटरच्या आतल्या आहेत. लहानपणाच्या बाबतीत या कुलाने पृष्ठवंशी प्राण्यांमध्ये विक्रम केले आहेत. हिंदी महासागरातील चागोस द्वीपसमूहातून 1981 मध्ये वर्णन झालेला ट्रिमाटोम नॅनस हा गोबी एक सेंटीमीटरच्या आतच प्रौढ होतो. फिलिपिन्समधील पांडाका पिग्मिया हाही त्याच मापाचा. त्याच देशातील बुही सरोवरात मिळणारा सिनारापान इतका लहान असूनही लोक तो पकडून खातात; खाण्यासाठी धरल्या जाणाऱ्या माशांत तो सर्वांत लहान मानला जातो.

आयुष्यही असेच तोकडे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरील इव्हिओटा सिजिलाटा हा गोबी जास्तीत जास्त 59 दिवस जगतो, असे 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. त्यांतले पहिले सुमारे तीन आठवडे तो उघड्या समुद्रात पिलाच्या अवस्थेत असतो. मग प्रवाळावर उतरतो, प्रौढ होतो, अंडी घालतो आणि मरतो. माशांचे वय कानातल्या चुनखडीच्या खड्यावर रोज चढणाऱ्या थरांवरून मोजतात; या माशाचे दिवसही तसेच मोजले गेले.

दुसऱ्या टोकाला काही जाती चांगल्या मोठ्या होतात. भारतातल्या नद्यांत आणि खाड्यांत मिळणारा ग्लॉसोगोबियस गियुरिस सहसा वीतभर असतो, पण अर्धा मीटरपर्यंत वाढल्याच्याही नोंदी आहेत.

अंडी आणि पिल्ले

गोबींच्या बहुतेक जातींत घरची राखण नर करतो. दगडाखालची पोकळी, रिकामा शिंपला किंवा चिखलातले बीळ तो निवडतो, साफ करतो आणि मादीला तिकडे बोलावतो. काही जातींचे नर त्या वेळी घुमल्यासारखा आवाज काढतात, काहींचा रंग गडद होतो. मादी उताणी होऊन पोकळीच्या छताला एकेक अंडे चिकटवते. अंडी लांबट असतात आणि एका टोकाच्या चिकट तंतूंनी दगडाला धरून राहतात. दगड उलटा केला तर शेकडो अंडी एका थरात, दाटीने लोंबताना दिसतात. मादी निघून गेल्यावर नर परांनी पाणी हलवत ठेवतो, म्हणजे अंड्यांना प्राणवायू मिळतो. खराब झालेली अंडी तो काढून टाकतो आणि जवळ येणाऱ्या माशावर, तो आपल्यापेक्षा मोठा असला तरी, धावून जातो.

अंड्यांतून निघणारी पिल्ले काही मिलिमीटरची आणि पारदर्शक असतात. ती तळाशी न राहता प्रवाहाबरोबर वाहत जातात. या कुलाच्या जगभर पसरण्यामागे हीच अवस्था आहे. प्रौढ गोबी आयुष्यभर एका खडकाच्या आसपास राहतो, त्याची पिल्ले मात्र प्रवाहाने दूरच्या किनाऱ्याला लागतात.

समुद्रातील वस्ती

गोबींची खरी दाटी प्रवाळखडकांवर आहे. लक्षद्वीप आणि कच्छच्या आखातातील प्रवाळ ही भारतातील त्यांची काही ठिकाणे. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील मालवणचा सागरी भाग, जो 1987 मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, तिथे खडक आणि थोडे प्रवाळ दोन्ही आहेत. प्रवाळाच्या एकेका फांदीत, स्पंजाच्या भोकात, समुद्री चाबूक म्हटल्या जाणाऱ्या प्रवाळाच्या देठावर गोबींच्या वेगवेगळ्या जाती राहतात. रंगही त्या त्या जागेला मिळताजुळता.

वाळूच्या तळावर राहणाऱ्या काही गोबींनी कोळंबीच्या एका नातेवाइकाशी भागीदारी केली आहे. ही कोळंबी नांगी जोरात मिटून टाळीसारखा आवाज काढते. तिला दिसते कमी, पण ती बीळ खणण्यात तरबेज. गोबीला खणता येत नाही, पण नजर तीक्ष्ण. कोळंबी दिवसभर बिळातली वाळू बाहेर काढते आणि त्या वेळी आपली एक मिशी माशाच्या अंगावर टेकवून ठेवते. धोका दिसताच गोबी शेपटी थरथरवतो. तो इशारा मिळाला की कोळंबी आत पळते. धोका अगदी जवळ आला तर गोबीही तिच्यामागोमाग बिळात शिरतो.

गोबियोडॉन प्रजातीतले मासे फांद्यांच्या प्रवाळात राहतात आणि घरभाडे कामाने फेडतात. विषारी शेवाळ प्रवाळाला टेकले, की प्रवाळ एक रासायनिक इशारा पाण्यात सोडतो. तो मिळताच हे मासे काही मिनिटांत येऊन शेवाळ कुरतडून काढतात, असे फिजी बेटांवरील प्रयोगांत दिसले; ते संशोधन 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. कॅरिबियन समुद्रातले काही गोबी मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खातात. मोठे मासे त्यासाठी त्यांच्यापाशी येऊन तोंड उघडून थांबतात.

एवढ्याशा माशांचे समुद्राच्या अन्नसाखळीत काय स्थान, हा प्रश्न बराच काळ दुर्लक्षित होता. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले, की प्रवाळखडकांवर जेवढे मासे इतर प्राण्यांच्या पोटात जातात, त्यांच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भाग गोबी आणि त्यांच्यासारख्या तळाशी दडून राहणाऱ्या चिमुकल्या माशांचा असतो. ते भराभर जन्मतात, भराभर खाल्ले जातात आणि त्यांची जागा नवी पिल्ले घेतात. मोठ्या माशांचे पोषण या चक्रावर चालते.

खाडी आणि चिखल

ओहोटी लागली की ठाण्याच्या खाडीच्या काठावर ओल्या चिखलात असंख्य मासे सरपटताना आणि उड्या मारताना दिसतात. हीच निवटी. तिच्या बोलिओफ्थाल्मस डुसुमिएरी या जातीचे वर्णन 1837 मध्ये झाले. निवटीचे डोळे डोक्यावर उंच बसवल्यासारखे असतात आणि ती ते मधूनमधून खोबणीत ओढून ओले करून घेते. छातीजवळच्या परांवर भार देत ती पुढे सरकते. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवणे, ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेणे, या दोन गोष्टींमुळे ती पाण्याबाहेर दीर्घकाळ राहू शकते. डोके डावीकडे-उजवीकडे फिरवत ती चिखलावरचा सूक्ष्म शेवाळाचा थर खरवडून खाते. आगरी आणि कोळी घरांत निवट्यांचे कालवण आवडीने केले जाते.

निवटीची बिळे चिखलात खोल जातात. खोल चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, तिथे अंडी कशी जगणार? जपानमधल्या एका जातीचा अभ्यास करताना याचे उत्तर मिळाले: मासा तोंडात हवा भरून बिळात नेतो आणि अंड्यांच्या कोठडीत सोडतो, असे अनेक वेळा करून तिथे हवेचा साठा तयार होतो.

तापी सुरतेच्या खाली खंभातच्या आखाताजवळ समुद्राला मिळते. तिथली भरती मोठी आणि चिखलाची मैदाने विस्तीर्ण. गुजरातच्या या किनाऱ्यावर निवट्यांची वस्ती आहे. खाऱ्या आणि गोड्या पाण्याची सरमिसळ होते अशा मुखांतूनच गोबींचा नदीत शिरकाव होतो.

गोड्या पाण्यातले गोबी

समुद्रातला मासा नदीत नेला तर सहसा जगत नाही. समुद्राचे पाणी त्याच्या रक्तापेक्षा खारट असल्याने अंगातले पाणी सतत बाहेर ओढले जाते. ते भरून काढण्यासाठी तो पाणी पितो आणि जास्तीचे क्षार कल्ल्यांतून बाहेर टाकतो. नदीत उलटे होते. पाणी अंगात शिरत राहते आणि क्षार निसटतात, म्हणून भरपूर पातळ मूत्र टाकावे लागते आणि कल्ल्यांना क्षार आत ओढावे लागतात. अनेक गोबींना ही दोन्ही कामे जमतात, पाणी बदलले की त्यांचे कल्लेही काम बदलतात.

या गटातील काही जाती अंडी नदीत घालतात, पिल्ले वाहत समुद्रात जातात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा नदीत चढतात. हवाई बेटांवरचा एक मासा पोटाखालची वाटी आणि तोंड आळीपाळीने खडकाला चिकटवत शंभर मीटरपर्यंत उंच धबधबे चढतो. दक्षिण भारतात सह्याद्रीतून अरबी समुद्राला मिळणाऱ्या ओढ्यांत त्याचा एक नातेवाईक राहतो.

तापी खोऱ्यात आढळणारा गोबी म्हणजे वर उल्लेखलेला ग्लॉसोगोबियस गियुरिस. स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरच्या आपल्या ग्रंथात 1822 मध्ये त्याचे वर्णन केले. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून भारत, आग्नेय आशिया आणि पुढे प्रशांत महासागरातील बेटांपर्यंत तो पसरला आहे. खाडी, नदी, तलाव, कालवा, धरणाचा जलाशय, सगळीकडे तो राहतो. अंडी घालण्यासाठी समुद्रात जाणे त्याला भाग नाही, तो गोड्या पाण्यातही वाढतो. म्हणूनच आतल्या भागातल्या जलाशयांत त्याची वस्ती टिकते.

याचा रंग पिवळसर तपकिरी किंवा हिरवट, कुशीवर पाच-सहा गडद ठिपक्यांची ओळ. डोके चपटे, खालचा जबडा वरच्याच्या पुढे आलेला. तोंड उघडून पाहिले तर जिभेचे टोक मध्ये खाच पडून दुभागलेले दिसते. दिवसा तो वाळूत अंग पुरून डोळे तेवढे वर ठेवतो आणि जवळून जाणारे बारीक मासे, झिंगे, कीटकांच्या अळ्या झडपतो. स्वतःच्या जातीची पिल्लेही तो सोडत नाही.

जाळ्यात आलेला हा मासा लहान मरळेशी सहज घोटाळतो, कारण दोघांचे अंग लांबट आणि डोके चपटे. फरक सोपा आहे. मरळेच्या पाठीवर डोक्यामागून शेपटीपर्यंत एकच लांब पर असतो, गोबीच्या पाठीवर दोन वेगळे. मरळेच्या पोटाखालचे पर सुटे असतात, गोबीचे जुळून वाटी झालेले.

खानदेशातील नदी आणि गोबींची वाट

तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे उगम पावते आणि 724 किलोमीटर वाहून समुद्राला मिळते. बऱ्हाणपूर ओलांडल्यावर ती जळगाव जिल्ह्यात येते. चांगदेव येथे पूर्णा तिला मिळते, पुढे वाघूर, गिरणा, बोरी, अनेर अशा नद्या येतात आणि धुळे शहरातून आलेली पांझरा मुडावदजवळ मिळते. खानदेशातल्या उपनद्या उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी कोरड्या पडतात. तेव्हा मासे डोहांत आणि बंधाऱ्यांमागच्या साठ्यांत गोळा होतात. पांझरेवरच्या फड सिंचन पद्धतीचे जुने बंधारे शेतीसाठी बांधलेले, त्यांच्यामागे थांबणारे पाणी माशांच्याही कामी येते.

समुद्रातून वर चढू पाहणाऱ्या माशाच्या वाटेत आज एकामागून एक भिंती आहेत. सुरतेजवळचा सिंगणपोरचा बंधारा, त्यावरचा काकरापार, मग 1972 मध्ये पूर्ण झालेले उकाई धरण. त्यानंतर महाराष्ट्रात प्रकाशा, सारंगखेडा आणि सुलवाडे येथील बॅरेज आणि भुसावळजवळ हतनूर धरण. समुद्र आणि नदी अशी ये-जा करणाऱ्या जातींसाठी ही वाट बंद आहे. ग्लॉसोगोबियस मात्र नदीतच पुरे आयुष्य काढू शकत असल्याने तो धरणांच्या वरही तगून राहिला. जे मासे नदीत जन्मून समुद्रात वाढतात, त्यांना हा पर्याय नाही.

ग्लॉसोगोबियसपुढचा धोका वेगळा आहे. हा मासा वाळूत राहतो, वाळूत लपून शिकार करतो आणि दगडाखाली अंडी घालतो. गिरणा आणि तापीच्या पात्रांतून वाळूचा बेसुमार उपसा झाला, की त्याचे घर आणि अंड्यांची जागा दोन्ही जातात. पात्र खरवडून खाली फक्त गाळ किंवा उघडा खडक उरतो. डोहांचा आकार बदलतो. भर म्हणून सांडपाणी आणि जलाशयांत पसरलेला चिलापी. ग्लॉसोगोबियस जागतिक पातळीवर धोक्यात नाही; त्याचा पसारा मोठा असल्याने तो कमी चिंतेच्या गटात मोडतो. पण एखादी जात जगभर सुरक्षित असूनही एका नदीतून संपू शकते.

बाजारात या माशाला रोहू, कटला किंवा मरळेसारखा भाव नाही. तो जाळ्यात इतर मासळीबरोबर येतो आणि मिसळीच्या वाट्यात विकला जातो. मत्स्योत्पादनाच्या आकड्यांत त्याची वेगळी नोंद होत नाही, त्यामुळे तो कमी झाला तरी आकड्यांवरून कळणार नाही. ही उणीव भरून काढणे अवघड नाही. तापी-गिरणेकाठच्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी आणि भोई बांधवांनी मिळून जाळ्यात आलेला प्रत्येक गोबी कुठे, केव्हा, किती लांबीचा मिळाला एवढे लिहून ठेवले, तर चार-पाच वर्षांत नदीच्या तळाची स्थिती सांगणारी एक भरवशाची वही तयार होईल. ओळखायला पोटाखालची वाटी पुरेशी आहे.